एका डोळ्याचा अदमास

आभाळ भरून होतं, ते बरंच झालं.
उन्हात सावल्या सरकतात आणि हिशेब चुकतो.
झिबल वाढईच्या सपरीत, उपड्या टोपल्यावर
ठेवला त्यानंच घडवलेला नंदी,
शिवणीच्या लाकडाचा, हातभर उंच,
दोन पिढ्यांच्या पोरांनी तान्ह्या पोळ्यात ओढलेला.

मी त्याच्याभोवती फिरले.
एक पाऊल, एक फोटो. एक पाऊल, एक फोटो.
मागच्यातलं थोडं पुढच्यात यायलाच हवं,
नाहीतर दुवा तुटतो.
गुडघ्यावर एक फेरी, उभ्यानं एक, स्टुलावर चढून एक.

"काहून व बाई, एका बैलाचे इतके फोटो?
लग्नात नवरीचेबी नाही काढत."

म्हटलं, एका फोटोत बैल सपाट असतो, बाबाजी.
शहाऐंशी मिळून तो उभा राहतो.
एकच खूण दोन जागांवरून पाहायची,
दोन्हीकडून रेघा ओढायच्या,
जिथं भेटतील तिथं एक ठिपका.
असे लाखभर ठिपके.

तो हसला. त्याचा डावा डोळा
बत्तीस वर्षांपूर्वी साजाच्या ढलपीनं नेला.
रंध्याखालची फळी उजव्या डोळ्यासमोर धरून
त्यानं मान हलवली, इकडं, तिकडं,
कुंपणावरच्या सरड्यासारखी.
"एका डोळ्याले सारं भितीवरच्या चित्रावानी दिसते.
मंग डोक्सं हालवा लागते.
जवळचं लय पयते, दूरचं दमानं.
तितक्यात समजते, कुठं किती रंधा माराचा."

दोन वर्षं मी जे गणितात शिकले
ते तो मानेनं करत होता.

रात्री लाइट आल्यावर ठिपके जमू लागले.
आधी शिंगाचं तुटकं टोक,
मग वशिंडावरची चीर,
मग मानेतला खळगा, जिथं दोरी घासून घासून
लाकूड उघडं पडलंय.
तिथं ठिपके दाट, गुळावरच्या मुंग्यांसारखे.
पाठीवर मात्र नातवानं गेल्या साली
चकचकीत ऑइल पेंट फासलेला.
त्या गुळगुळीत लालावर यंत्राला धरायला काही सापडेना.
पाठीच्या जागी भगदाड.

पोटाखालीही भगदाड.
तिथून कुणी पाहिलंच नव्हतं.

आणि बाजूला हवेत एक धुरकट डाग:
पणती, ओवी, जी घडीभर जागेवर थांबली नाही.

सकाळी स्क्रीन त्याच्यापुढं धरली. बैल फिरला.
झिबलबाबाजीनं सवयीनं मान हलवली,
इकडं, तिकडं.
काच सपाटच राहिली.
"फसवते व हे."

मग त्यानं अंगठा टेकवला, बैल उलटा झाला,
पोटाचं भगदाड वर आलं.
तो बराच वेळ त्यात पाहत राहिला.
"इथं माप हाये," म्हणाला, "पेन्सिलनं लिवलेलं.
पुसलं नसंल तं."

आणि टोपल्यावरचा बैल उचलून
त्यानं उजेडाकडं पालथा केला.