चारशे तीन

महापे, एमआयडीसी, रात्रीचे सव्वादोन.
पतपेढीच्या सर्व्हरवर मी कुंपण घालतेय.
कर्जदारांच्या याद्या आहेत त्या फोल्डरात
फक्त वाशीच्या कचेरीने यावं,
बाकी जगाने बाहेर.
दोन ओळींचं काम:
आधी सगळ्यांना नाही म्हणायचं,
मग एकाला हो.

अडले तिसऱ्या ओळीशी.
बाहेर राहील त्याला काय दिसावं?
आयतं पान आहे, इंग्रजी, पांढरंफटक,
वर आकडा, खाली सर्व्हरचं नाव नि आवृत्ती,
म्हणजे चोराला हाकलताना कुलपाची कंपनी सांगायची.
केरकर म्हणाले, सभ्य मराठीत काहीतरी टाक.

"प्रवेश निषिद्ध."
गाभाऱ्याबाहेरची पाटी. खोडलं.
"आपणांस परवानगी नाही."
हे नानांच्या आवाजात ऐकू आलं,
मला कळव्यात एकटीने खोली घ्यायची होती तेव्हाच्या.
खोडलं.
"क्षमस्व" नुसतंच ठेवून पाहिलं.
कुणी कुणाची क्षमा मागायची, कळेना.

चहाला खाली उतरले.
गेटवर हिराजी मढवी, अकरा वर्षं त्याच खुर्चीत.
काका, लोकांना परत कसे पाठवता तुम्ही?
"आत नाय सोडत. बस म्हनतो, पानी देतो.
कुनाला फोन करायचा, त्यो नंबर सांगतो."
मग पेला विसळत, माझ्याकडे न बघता:
"हितं आदी रंगाचा कारखाना व्हता.
अजून येतात कोनी जुने, फंडाच्या कागदासाठी."
त्यांना सांगता काय?
"कारखाना गेला म्हनून सांगतो.
चुकलात, असा नाय म्हनत.
पत्त्यावर बरोबरच आलेले असतात ते."

वर येऊन चारशे चार आधी लिहिलं:
तुम्ही बरोबर पत्त्यावर आलात.
पान आता इथे नाही.

मग चारशे तीन:
इथून आत जाता येणार नाही.
तुमचं काही चुकलेलं नाही.
वाशी शाखा, दहा ते पाच, टोकेकर बाईंना भेटा.
(दीड ते दोन जेवणाची सुट्टी.)

हे पान कुंपणाबाहेर ठेवावं लागतं,
नाहीतर नकार वाचायलाही परवानगी लागते
नि नकारालाच नकार मिळतो.
हे मला तिसऱ्या प्रयत्नात कळलं.

सर्व्हर पुन्हा सुरू केला.
वाशीच्या मशीनवरून आत शिरून तपासलं
आणि माझंच पान माझ्यासमोर.
हो वर राहिला होता, नाही खाली गेला होता,
आणि या यंत्रात शेवटचा शब्द जिंकतो.

ओळी उलटवायला दहा सेकंद पुरली असती.
पण मी ते वाचत बसले,
तुमचं काही चुकलेलं नाही,
आपण न लिहिलेलं असावं तसं.
चुकलं तर होतं.

बाटली रिकामी होती. पाणी खालीच,
मढवीकाकांच्या माठात.