शुक्रवार, मुसफ्फा

खोली नंबर चौदा. भिंतीवर चादर,
चादरीवर हिरो.
आमटी अळणी म्हणून
त्यानं ताट भिरकावलं
आणि बंकांवरून शिट्ट्या आल्या.

परकारनं वाजवली नाही.
आज भांड्यांची पाळी त्याची,
मनगटापर्यंत फेस.

गोताड कालच घोकत होता
बायकोनं फोनवर सांगितलेलं:
आधी हिंग, मग कढीपत्ता, लगेच झाकण.
तिनं तिकडं विहिरीवरचा पंप
स्वतः उघडून दुरुस्त केला,
हे मात्र त्यानं फक्त मला सांगितलं,
तेही हळू आवाजात.

चादर मीच शिवलेली.
मधोमध फाटली होती,
उलटी टीप घातली,
आई घालायची तशी.
क्लोजअप आला की
ती टीप हिरोच्या गालावरून जाते.
तो कितीही गरजू दे,
उसवत नाही.