मनगट

सही नंतर कर. आधी हात दे.
ज्या हातानं सुकाणू धरणार, तो.
घाबरू नकोस, नाडी नाही बघत.
ही लाल दोरी, जुन्या टेलिफोनच्या वायरसारखी
वेटोळ्यांची. दुसरं टोक इंजिनाला.
तू पाण्यात पडलास की हे टोक निसटतं
आणि इंजिन गप्प होतं.
तिला एवढंच येतं.

आता वहीत नाव लिही. क्वेतोस्लाव?
लांब आहे, पण मावेल.
ब्रनोहून. बरं. गोड्या पाण्याची माणसं.
मी दिंका. होडीचं नाव लास्तावित्सा,
मालक माझा भाऊ तोंची,
तो हल्ली पाण्यात जात नाही. गुडघे.
होडी पाच जणांची. तुम्ही पाच, आणि कुत्री.
मी कुत्रीलाही माणसात मोजते.
तिला इथेच ठेवा, दोघी मिळून वाट बघू.

जाकिटं बाकाखाली नकोत, अंगात हवीत.
उकडतं, माहीत आहे.
धाकटीच्या जाकिटाचा पट्टा पायांमधून घे,
नाहीतर जाकीट तरंगतं
आणि पोर खाली सरकतं.

पेट्रोलचे मनात तीन वाटे कर.
एक जायला, एक यायला,
एक माझ्या झोपेसाठी.

पोहायचं झालं तर इंजिन बंद.
हळू नाही म्हटलं मी. बंद.
शिडी आधी सोडायची, मग उडी.
उलट करून बघितलेले बरेच आहेत,
नखांनी होडी खरवडत बसतात.

दुपारी मएस्त्राल सुटेल. सभ्य वारा,
पाणी विसकटतो, दिवेलागणीला घरी जातो.
पण तो समोरचा डोंगर बघ, बिओकोवो.
त्याच्या डोक्यावर पांढरी टोपी दिसली
तर ताटातला मासा ताटात ठेवून निघ.
बुरा दार वाजवून येत नाही.
आणि उशीर झालाच, तर येऊ नकोस.
जवळच्या खाडीत शिर, होडी बांध, फोन कर.
भाड्याचं बघू उद्या.
(हे तोंचीसमोर बोलत नाही मी.)
मी उचलला नाही तर एकशे पंच्याण्णव.
ते उचलतात.

हसतोस? हस.
दोन उन्हाळ्यांमागे एक जण हसला होता.
दोरी हाताला काचते म्हणून खुंटीला अडकवली,
फोटो काढायला उभा राहिला,
तेवढ्यात फेरीबोटीची लाट आली.
तो पाण्यात. होडी चालूच.
सुकाणू सुटलं की होडी सरळ जात नाही, बाबा,
गोल फिरते,
तेलाच्या घाण्याला जुंपलेल्या गाढवासारखी,
आणि मधोमध हा.
प्रत्येक फेरा जरा आत, जरा आत.
तोंचीनं दुसऱ्या होडीतून जाऊन
जाडजूड दोर टाकला तिच्या वाटेत,
पंख्याला गुरफटला तेव्हा ती थांबली.

माणूस वाचला. पायाची दोन बोटं नाहीत.
दर नाताळला कार्ड पाठवतो,
त्यावर हटकून एखादी होडी असते.
तोंचीचे गुडघे तेव्हापासूनचे.
डॉक्टरांना त्यांच्यात काही सापडत नाही.

चल, सोड दोर. सहाला परत.
सहा म्हणजे सहा.

*

चार वाजता बिओकोवो उघडाबोडका, निळा.
पाच वाजता दोन होड्या आल्या,
एकीत वल्हं कमी. भांडले नाही.
साडेपाचला वहीत एकच ओळ उरली,
'गेले' लिहिलेलं, पुढचा रकाना कोरा.
मी जाळं उसवत बसले,
जे उसवायची गरज नव्हती.
बोरूवका धक्क्याच्या टोकाला,
पंजांवर हनुवटी.

पावणेसहा.
मला काहीच ऐकू आलं नव्हतं.
ती उठून उभी राहिली.