दुसरा रकाना

मार्चमधली ओली रात्र, लडलोच्या अलीकडचा उतार.
वायपर चालू. मला घरी जायचं होतं, एवढंच.
वळणावर टॉर्च हलला:
गुडघ्यापर्यंत लोंबणारं पिवळं जाकीट, हातात बादली,
आणि आवाज माझ्याच पोरीचा:
"बाबा, इंजिन बंद कर. ते तळ्याकडे निघालेत."

दरवर्षी याच वाटेने जातात म्हणे बेडूक,
रस्ता त्यांच्यानंतर आला.
मी अकरा वर्षं इथून गाडी नेतोय.

शाल्मली, प्रॉसरांचा टोबी,
छत्री धरून टोबीची आजी.
ओंजळीत एकेक खरबरीत, सोनेरी डोळ्यांचा जीव,
काठोकाठ भरलेली वाटी न्यावी तसा.

"किती वाचले?" मी विचारलं, मोठी माणसं विचारतात तसं.
"त्रेसष्ट."
वहीत शेजारी दुसरा रकाना. एकोणीस.
"आणि हे?"
"हे आम्हाला उशिरा सापडले.
पण निघाले होते ना, म्हणून लिहिलेत."

आमच्या ऑफिसात असा रकाना नाही.
चढते आलेख असतात,
आणि चाकाखाली गेलेलं सगळं 'इतर'मध्ये.

उतरलो. वाकलो. कंबर कुरकुरली.
पहिलाच बेडूक हातावर मुतला,
पोरं खो खो हसली.
शाल्मलीने पेन्सिल ओली करून लिहिलं: चौसष्ट.

मागे कुणीतरी हॉर्न दिला, लांबलचक.
बेडूक हातात तसाच धरून मी त्याच्या काचेशी गेलो.
"इंजिन बंद करा," म्हणालो,
"ते तळ्याकडे निघालेत."