कोणता निळा

मानकापूरला मुलींची बुद्धिबळ स्पर्धा.
बावीस देश, बावीस झेंडे, टेबलावर मावतील एवढे.
एकवीस झाले मंगळवारपर्यंत.
बाविसाव्यासाठी पराग हेडाऊनं मोबाइल पुढे धरला:
वर निळा, खाली निळा, मधे पांढरा,
पांढऱ्यावर पाच तारे.
"होंडुरास. एकच पोरगी येते तिथून.
पण तिचाच झेंडा नसला तर कसं दिसते?"

इंदोऱ्यात निळ्याची काय कमी!
दसरा जवळ आला की माझ्या दुकानात
दीक्षाभूमीचा निळा मशीनवरून उतरतो,
फरशीवर पसरतो, उंबऱ्याबाहेर जातो.
त्याच ताग्यातून दोन पट्टे फाडले.

तारे कापायला रुखमामावशी निमजे.
गोळीबार चौकातला त्यांचा माग बंद पडला,
बोटं मात्र अजून धोटा फेकल्यासारखी चालतात.
"पाचच काऊन वं? अन् निळा दोनदा काऊन?"
मी मोबाइलवरचं वाचून सांगितलं:
निळे म्हणजे दोन समुद्र, एक या हाताला, एक त्या.
मधला पांढरा म्हणजे जमीन.
"समुंदर पायला का तुनं?"
नाही मावशी.
"मी बी नाई. अंबाझरी पायला."

तिथे म्हणे पाच प्रांत होते,
अठराशे तेवीसमध्ये एका झेंड्याखाली आले.
नाव काय, तर मध्य अमेरिकेचे संयुक्त प्रांत.
"मध्यप्रांत?" मावशींची कात्री थांबली.
"आपल्यावानी?"
आपल्यावानी.
पंधरा-सोळा वर्षांत पाचांची पाच घरं झाली.
मग होंडुरासनं आपल्या झेंड्यावर पाच तारे लावले,
चार कोपऱ्यांना चार, मधे एक,
जुळलंच पुन्हा, तर असावेत म्हणून.

मावशी कितीतरी वेळ काही बोलल्या नाहीत.
त्यांचा आजा तेवीस सालीच आत गेला होता,
एकोणीसशे तेवीस,
सिव्हिल लाइन्सकडे झेंडा घेऊन निघाला म्हणून.
"झेंडा काय होता, सव्वा हात खादी.
पर चार महिने दळण दळलं त्याच्यापायी."
मग तारा उलटा धरून माझ्याकडे बघितलं:
"टोक वरतं ना?"

बुधवारी परागचा फोन. निळा चुकला.
त्यांच्या कायद्यात फिरोजी लिहिलेला,
शिवणारे मात्र वर्षानुवर्षं गडद शिवत राहिले,
आता आता कुठे सरकारनं दुरुस्त केला.
मला त्या शिवणाऱ्यांचा राग आला नाही.
जो तागा हाताशी, तोच देश.

अर्धी इतवारी पालथी घातली.
शेवटी गांधीबागेत, मॅचिंग सेंटरमध्ये,
गठ्ठ्याच्या तळाशी सापडला तो समुद्र,
परकराचं कापड, साठ रुपये मीटर.
दुकानदार म्हणाला, "कोणत्या साडीवर?"
काय सांगणार होते मी त्याला.

परतताना झीरो माइलपाशी सिग्नल लागला.
तो खांब, ते चार घोडे.
दगडावर गावांची नावं आणि मैल:
कुठलंही गाव इथून किती लांब, ते कोरलेलं.
इथे काय आहे, ते कोणी कोरलं नाही.
राजधानी होती एकदा.
आता डिसेंबरात येते, दोन-तीन आठवडे,
गाड्यांवर लाल दिवे होते तेव्हा तेही यायचे.

ती पोरगी दुसऱ्या फेरीत हरली.
झेंडा पाहून म्हणे हसली होती,
शिलाईवरून बोट फिरवलं होतं.
पराग पिशवी घेऊन आला, पैसे चुकते केले,
फिरोजी झेंडा काउंटरवर ठेवला.
"राहू द्या ताई. लागेल कधी तरी."

गडद झेंड्याचे पट्टे उसवून मी दसऱ्याच्या कामात घेतले.
तारे उरले, त्यातला एक मावशींनी नेला,
कशाला, ते विचारलं नाही.
आणि फिरोजी घडी करून ट्रंकेत ठेवली,
डांबरगोळ्या टाकून,
वेगळ्या विदर्भाच्या मोर्च्यासाठी शिवलेल्या
त्या अकरा झेंड्यांवर,
ज्यांची ॲडव्हान्स पावती अजून माझ्याकडे आहे.