पेपर चौथा : प्रचार आणि संवाद

फळ्यावर लिहितो : राष्ट्राध्यक्षाचं संभाषण.
खाली रेघ. रेघेखाली ज्या देशाची उदाहरणं
तिथं या वर्गातलं कुणी गेलेलं नाही,
बसलिंगचा एक मामा सोडून.
तो तिथं पेट्रोल पंपावर असतो.

"एक माणूस, एक वाक्य, अख्खा देश," मी म्हणतो,
"आणि ऐकणाऱ्या प्रत्येकाला वाटलं पाहिजे
हा माझ्याशीच बोलतोय."
दीक्षा मुतगेकर हात वर करते.
"कुठल्या भाषेत की, सर?"

वर्ग हसतो.
दोन भाषांत हसतो, थांबतो मात्र एकदमच.

तिच्या बाबांची रिक्षा.
निवडणुकीत टपावर भोंगा, दिवसाला बाराशे, डिझेल वेगळं.
उमेदवार एकच, पेन ड्राइव्ह दोन,
एकाला रबर गुंडाळलेलं, चुकू नये म्हणून.
रेल्वे गेटच्या अलीकडं कन्नड,
गेट ओलांडलं की मराठी.
"दोन्हीत वचन एकच की सर, पण उलटं.
एकात दुकानाच्या पाट्या बदलणार,
एकात पाटीला हात लावू देणार नाही."

"आणि गेट पडलेलं असलं तर?" बसलिंग विचारतो.
"तेव्हा बंद करतात. दोन्हीकडची माणसं उभी असतात तिथं.
बाबा उतरून चहा पितात."

मी म्हणतो, छान, हे लिहून आण, दहा गुण.
पण ती बसत नाही.
"मराठीतला जो बोलतो ना सर,
तो असं म्हणतो," आणि म्हणून दाखवते :
"त-मा-म मतदार बंधूंनो."
मधल्या मा-वर तोच जोर
जो मी रोज हजेरीनंतर देतो.

खडेबाजारात छापखान्यामागची खोली,
भिंतींना रजया टांगलेल्या.
वीस मिनिटांचे चार हजार.
मोटारसायकलचे तीन हप्ते थकले होते.
कन्नड मजकूर मला दाखवला नव्हता,
मी मागितलाही नव्हता.
नाव कुठं येणार नाही म्हणाले. आलं नाही.

दीक्षा बघते आहे. रागानं नाही,
उत्तरपत्रिका परत मिळायची वाट बघावी तशी.
मला सांगायचं होतं,
घंटा झाली.

दारात पुढच्या तासाच्या मॅडम.
"ठेवू का वरचं?" त्या मराठीत विचारतात.
"अळिसिरी," मी कन्नडात सांगतो.
त्या पुसतात.
रेघ जरा जाड ओढली होती,
ती दोनदा पुसावी लागते.