अर्जावरचा शेरा

भूदेवी येमुलच्या अर्जावर मीच लिहिलं होतं :
ऐकू येत नाही. मागाजवळ धोका. शिवणकामाला पाठवा.

तिची आई अक्कलकोट रोडला कांड्या भरते.
वाद न घालता मला शेडमध्ये घेऊन गेली.
चोवीस माग, एकच खडखडाट;
माझं बोलणं मलाच ऐकू येईना.
तिथं सगळे हातांनीच बोलत होते :
दोन बोटं, तार तुटली.
मूठ कपाळाला, मालक आला.
तळहात पालथा, चहा.

शेरा खोडला.
वर्गातल्या मागावर लाल दिवा हवा, तो अजून मंजुरीत अडकलाय;
तोवर तिच्या खांद्यावर थापटायची पाळी श्रीशैलची.

काल चहा सांगायला गेलो
आणि हात चुकला.
भूदेवीनं दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे,
आणि माझी मूठ उघडून
पालथी केली.